घरकुलाची भिंत: राखेची वीट, चिरा की मातीचा ब्लॉक?

प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) घरकुलाचं मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. घर किमान २५ चौरस मीटरचं, पैसे हप्त्याहप्त्याने. भट्टीची वीट टाळायची म्हणजे शेतातली वरची सुपीक माती आणि कोळसा जाळायचा नाही, हे पटतं. पण मग घ्यायचं काय? माझ्या मते हे तुमचं गाव कुठे आहे त्यावर ठरतं.

चंद्रपूर, कोराडी, पारस, परळी, भुसावळ या पट्ट्यात असाल तर फार विचार नको, राखेची वीट घ्या. औष्णिक वीज केंद्राची कोळशाची राख जवळच मिळते, वीट भाजावी लागत नाही, कडा सरळ असल्यामुळे गिलावा पातळ लागतो आणि गवंड्याला नवीन काही शिकावं लागत नाही. गोची आहे ती क्युरिंगची, म्हणजे वीट ओली ठेवून पक्की होऊ देण्याची. घाईत विकलेली कच्ची वीट ट्रकमधून उतरवतानाच कोपरे सोडते. म्हणून दोन विटा एकमेकींवर आपटून बघा. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर गाडी परत पाठवा. लांबून मागवायची असेल तर मात्र भाड्यातच फायदा संपतो.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात राखेच्या नादी लागू नये. तिथे चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा, आहे. खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवेत कठीण होत जातो, आणि भट्टीचा तर प्रश्नच नाही. खाणीचे खड्डे मागे राहतात, हा त्याचा हिशोब. सच्छिद्र असल्यामुळे पावसाच्या माऱ्याच्या बाजूला पागोळी लांब ठेवा, नाहीतर गिलावा करा.

मातीचा ब्लॉक सगळ्यात जास्त मोह घालतो: मुरमाड माती, साधारण ५ टक्के सिमेंट, हाताने दाबायचं यंत्र. रानातली काळी माती मात्र चालत नाही. ती फुगते आणि तडकते. तपासायला काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ टाकून हलवा आणि रात्रभर ठेवा. तळाशी वाळूचा थर जाड हवा, वर चिकणमातीचा पातळ. ओल्या मातीचा गोळा खांद्याच्या उंचीवरून टाकला तर त्याचे चार-पाच तुकडे व्हावेत. पसरला तर वाळू जास्त, नुसता चपटला तर चिकण जास्त. पुढे ब्लॉक सुमारे चार आठवडे ओले ठेवायचे, म्हणजे उन्हाळ्यात पाण्याची सोय हवी. एकट्याने हा खटाटोप परवडत नाही. पाच-दहा घरकुलं एकत्र असतील आणि एखादा शिकलेला कारागीर असेल तरच.

एएसी ब्लॉक (हवेची बारीक छिद्रं असलेला हलका सिमेंटचा ठोकळा) शहरातल्या इमारतींच्या खांब-तुळयांच्या चौकटीत भरायला ठीक. भार घेणाऱ्या भिंतीसाठी नको.

भट्टीचीच वीट घ्यावी लागली तर वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेली रॅट-ट्रॅप पद्धत गवंड्याला दाखवा. विटा उभ्या रचून मध्ये पोकळी राहते, सुमारे २५ टक्के विटा वाचतात. भिंतीवर वाचलेले पैसे छतावर घाला. एकमजली घर तापतं ते मुख्यतः छतामुळे.