इलेक्ट्रो ३५ की कॅनोनेट? घोडं अडतं एका चकतीवर

फिल्मचा रेंजफाइंडर (व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस करायचा कॅमेरा) हवा आहे आणि लायकाचे पैसे नाहीत, अशा माणसाच्या यादीत शेवटी बहुधा दोनच नावं उरतात: याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन आणि कॅनन कॅनोनेट क्यूएल१७ जी-३. कॅनोनेट १९७२ची, जीएसएन १९७३ची. दोन्हींची लेन्स एफ/१.७, दोन्हींचं शटर लेन्समध्येच आणि म्हणून आवाज जवळजवळ नाहीच. लेन्स बदलता येत नाही, हे दोघींचंही सारखंच.

लेन्सवरून निवड करू नका, हे आधीच सांगतो. याशिकाची ४५ मिमी, कॅनोनेटची ४० मिमी. निगेटिव्ह साफ असेल तर छापील फोटो पाहून कुठला कशाचा हे मला तरी ओळखता येत नाही. लहान खोलीत ४० मिमीत जरा जास्त मावतं, एवढंच. खरा फरक एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, कोण ठरवतं यात आहे. याशिकात अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) तुम्ही द्यायचं, शटरचा वेग तो निवडतो. कॅनोनेटच्या ऑटोत वेग तुम्ही द्यायचा आणि अ‍ॅपर्चर ती निवडते. शिवाय कॅनोनेट पूर्ण मॅन्युअलवरही चालते, तेही बॅटरीशिवाय. याशिकाची बॅटरी संपली की एकच वेग हाती राहतो, १/५००.

याशिकाच्या बाजूने बोलायचं तर संध्याकाळ. त्याचं इलेक्ट्रॉनिक शटर ३० सेकंदांपर्यंत स्वतः मोजून उघडं राहतं. दिवेलागणीची गल्ली, घाटावरचे दिवे, पावसात ओला रस्ता असेल तर ट्रायपॉड आणि केबल रिलीज लावा, अ‍ॅपर्चर एफ/५.६ ठेवा, दाबा आणि शटर मिटल्याचा आवाज येईपर्यंत थांबा. बहुतेक वेळा एक्स्पोजर बरोबर येतं. कॅनोनेटचा सगळ्यात सावकाश वेग १/४ सेकंद. त्याच्या पुढे बी (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) आणि मनातल्या मनात आकडे मोजणं. ज्याचं काम रात्रीचं आहे त्याने पुढचं न वाचता याशिका घ्यावा, माझी हरकत नाही.

बाकीच्यांसाठी अडचण वरच्या पाटीवर आहे. याशिकाची एएसएची चकती (फिल्म किती संवेदनशील हे सांगणारी) ही एक्स्पोजर हाताने कमीजास्त करायची जवळपास एकमेव जागा. अ‍ॅपर्चर उघडून उजेड वाढवावा म्हटलं तर कॅमेरा तेवढाच वेग वाढवतो, निगेटिव्हवर फरक शून्य. अर्धवट दाबून मोजमाप धरून ठेवायची सोयही नाही. त्यात उजेड मोजणाऱ्या मीटरचा सेल लेन्सबाहेर, वर कपाळाशी बसवलेला. त्याला फिल्टर दिसत नाही, पण आकाश मात्र भरपूर दिसतं.

म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. ४००चा कृष्णधवल रोल, ढग उठून दिसावेत म्हणून एका स्टॉपचा, म्हणजे उजेड निम्मा करणारा, पिवळा फिल्टर. सेलला फिल्टर कळत नाही, म्हणून चकती २००वर. आता माणूस दारात उभा, मागे ऊन. चेहरा काळा पडू नये तर दोन स्टॉप जास्त द्यायला हवेत, म्हणून चकती ५०वर. पुढची फ्रेम अंगणातली, चेहऱ्यावर ऊन, म्हणजे परत २००. फिल्टर काढला की ४००. यातली एक पायरी राहून गेली की पुढच्या फ्रेमा एक-दोन स्टॉप जाड (जास्त उजेड खाल्लेल्या) निघतात आणि कॅमेरा ब्र काढत नाही. रोल नेमका कितीचा होता हे चकतीवर वाचावं तर तिथे भलताच आकडा. माझ्यापुरता निर्णय या चकतीनेच केला. ज्याला फिल्टर लावायचा नाही आणि जो उजेड पाठीशी घेऊनच फोटो काढतो, त्याला हा त्रास फारसा जाणवणार नाही, हेही खरं.

कॅनोनेटचा सेल लेन्सच्या कडीत, फिल्टरच्या आत बसलेला आहे. फिल्टर लावा, काढा, हिशोब तो करतो. दारातल्या माणसासाठी कॅमेरा आधी सावलीतल्या फरशीकडे किंवा भिंतीकडे वळवायचा, बटण अर्धं दाबायचं, आत मीटरचा काटा पकडला जातो. मग तसंच धरून फ्रेम जुळवायची आणि उरलेलं दाबायचं. अर्धं दाबणं नेमकं कुठे संपतं हे बोटाला कळायला थोडा सराव लागतो, घाई केली तर शटर उडतं. त्याहून निवांत रीत म्हणजे ऑटोवर व्ह्यूफाइंडरच्या कडेच्या पट्टीवर काटा कुठे आहे ते वाचायचं, समजा ८ वर, आणि अ‍ॅपर्चरची कडी ‘ए’ (ऑटो) वरून काढून हातानेच ५.६ किंवा ४ वर ठेवायची. मॅन्युअलवर आल्यावर काटा मेलेला असतो, हा कॅनोनेटचा ठळक दोष. पण आकडा आधी वाचलेला असेल तर त्याचं अडत नाही. उजेड मर्यादेबाहेर गेला की ऑटोत शटर लॉक होतं. लोक याला वैतागतात. मला ती फ्रेम वाचवणारी सूचना वाटते.

आता बॅटरी. इथे याशिका पुढे आहे आणि ते मान्य करायला हवं. मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, पण ६ व्होल्टची ४एलआर४४ टाकली तरी त्याचं सर्किट कुरकुर करत नाही. ती मूळ बॅटरीपेक्षा आखूड आणि बारीक असते. लांबी स्प्रिंगने किंवा घट्ट गुंडाळलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलने भरून काढायची, भोवती जाड कागदाची सुरळी. फॉइल बाजूने वर चढू देऊ नका, शॉर्ट होतं. पिशवीत ठेवताना शटरच्या बटणाभोवतीचं कुलूप फिरवा, नाहीतर बटण दबून मीटरचे दिवे जळत राहतात आणि बॅटरी उतरते.

कॅनोनेटला १.३५ व्होल्टची पाऱ्याची ६२५ लागायची. त्याच मापाची १.५ व्होल्टची अल्कलाइन सरळ बसते, पण काटा जास्त सरकतो, कॅमेऱ्याला उजेड जास्त वाटतो आणि निगेटिव्ह पातळ निघते. वर अल्कलाइनचा व्होल्टेज वापरासोबत उतरत जातो, म्हणजे चूकसुद्धा एका जागी थांबत नाही. दोन मार्ग आहेत. स्वस्त मार्ग म्हणजे श्रवणयंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी, भोवती रबरी ओ-रिंग, कारण तिचा व्यास कमी. व्होल्टेज जवळपास बरोबर, पण स्टिकर काढला की वापरा किंवा नका वापरू, दीड-दोन महिन्यांत ती संपते. दुसरा मार्ग व्होल्टेज उतरवणारा अ‍ॅडॉप्टर आणि त्यात सिल्व्हर ऑक्साइडची एसआर४४. त्यात एलआर४४ टाकू नका, दिसायला सारखीच पण ती अल्कलाइन, मग अ‍ॅडॉप्टरचे पैसे पाण्यात. काम झालं की कडी ‘ए’वरून हलवून ठेवा.

सामानाचं थोडक्यात: याशिकाचा फिल्टर ५५ मिमी, सहज मिळतो. कॅनोनेटचा ४८ मिमी आडमापाचा. ४८वरून ५२ची स्टेप-अप रिंग लावून मोकळे व्हा, सेल तरीही फिल्टरच्या आतच राहतो. रुंद हूड दोन्हींवर व्ह्यूफाइंडरचा खालचा कोपरा खातो.

मुंबईत बोरा बाजारात किंवा चोर बाजारात, किंवा कुणाच्या कपाटातून निघालेला कॅमेरा हातात आला तर तपासणी वेगवेगळी आहे. याशिकात शटर मारून लिव्हर ओढताना आतून जाड ‘ठक्’ असा आवाज यायलाच हवा. तो नसेल तर आतली रबराची छोटी गादी विरघळलेली आहे. मग वेग भलतेच पडतात, बहुतेकदा सगळंच १/५००ला. गादी दमडीची, पण तिच्यापर्यंत पोचायला वरची पाटी उतरवावी लागते आणि पाटीखालच्या वायरी जुन्या असतात. मागचं बॅटरी-चेकचं बटण दाबून हिरवा दिवा लागतो का बघा. नसेल लागत तर बॅटरीच्या खणात हिरवट बुरा आहे का पाहा. व्हिनेगरने ओलावलेल्या कापसाच्या काडीने तो निघतो, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. खणातून निघणारी वायरच कुजली असेल तर मात्र डाग द्यावा लागतो.

कॅनोनेटमध्ये संशय शटरच्या पात्यांवर. मागचं झाकण उघडा, १/४ वर ठेवा, उजेडाकडे धरून दाबा. आवाज आला आणि पाती हललीच नाहीत, किंवा आळसटल्यासारखी उघडली, तर पात्यांवर तेल उतरलं आहे. हे पाच-सहा वेळा करा, पण पहिल्या वेळी नीट लक्ष द्या. बराच काळ पडून राहिलेल्या कॅमेऱ्यात पहिलाच झटका खरं बोलतो. पात्यांवर लायटर फ्लुइड ओतायचा मोह टाळा. जास्त झालं की तेच तेल घेऊन ते अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर बसतं आणि ऑटो बंद पडतं. सेल्फ-टायमरची खिटी दुकानात ओढूच नका, दोन्हींतही. ती मध्येच अडकली तर शटरही अडकतं.

मागच्या झाकणाभोवती उजेड अडवणारा फोम दोन्हींतला डांबर झालेला असतो, हे गृहीत धरा. काडी आणि अल्कोहोलने खरवडताना कॅमेरा उपडा धरा, म्हणजे चुरा शटरकडे जाणार नाही. खाचांमध्ये काळी लोकर पुरते, बिजागरीच्या बाजूला मात्र जाड पट्टी हवी. फोकससाठीची डबल प्रतिमा फिकट असेल तर व्ह्यूफाइंडरच्या पुढच्या काचेवर बरोबर मध्ये काळ्या टेपचा लहानसा तुकडा चिकटवा, मधला चौकोन उठून दिसतो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर टॉर्च मारून लेन्सच्या आत बुरशी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. घेतल्यावर पावसाळाभर हवाबंद डबा आणि सिलिका जेल, चामड्याची मूळ केस नाही. ओल तीच धरते.

दोन्ही सारख्या अवस्थेत, सारख्या भावात समोर असतील तर मी कॅनोनेटकडे हात करेन. पण ‘ठक्’ वाजणारा याशिका आणि तेलकट पात्यांची कॅनोनेट अशी जोडी असेल तर मात्र मुकाट याशिका घ्यावा. कॅनोनेट घेतलीच तर पहिला रोल ४००चा निगेटिव्ह. स्वच्छ उन्हात एक फ्रेम ऑटोवर १/५००ला, लगेच तीच फ्रेम मॅन्युअलवर १/५०० आणि एफ/१६ला. दोन निगेटिव्हांची घनता सारखी आली तर मीटर ठीक आहे. ऑटोची पातळ आली तर आधी बॅटरी कुठली टाकली आहे ते पाहा, दुरुस्तीवाल्याकडे नंतर जा.