जुन्या ७ गिअरच्या सायकलसाठी शिमानो आल्टस एम३१५ शिफ्टर

हँडलवरचा उजवा शिफ्टर, म्हणजे मागचे गिअर बदलायचा लिव्हर, तुटला की दुकानात अनेकदा ब्रेक लिव्हरसकट डावी-उजवी जोडी पुढे केली जाते. गरज नसते. शिमानो आल्टसचा एसएल-एम३१५ हा नुसता शिफ्टर आहे, उजवा एकटा मिळतो आणि २२.२ मिमीच्या साध्या सरळ हँडलवर बसतो. आधीचा शिफ्टर ब्रेक लिव्हरला जोडलेला असेल तर मात्र लिव्हर वेगळा घ्यावा लागेल. व्ही-ब्रेक (चाकाच्या दोन बाजूंना दोन लांब उभे हात असलेला) असल्यास व्ही-ब्रेकचाच लिव्हर मागा. कॅलिपर ब्रेकचा (चाकावर वरून चिमट्यासारखा बसणाऱ्या ब्रेकचा) लावला तर तो वायर कमी ओढतो आणि हँडलला टेकला तरी पॅड पुरते दाबले जात नाहीत.

खरेदीआधी मागच्या चक्र्या मोजा. ७ असतील तर ७ चाच घ्या, ८ चा नको. दोन चक्र्यांमधलं अंतर ७ मध्ये ५ मिमी, ८ मध्ये ४.८ मिमी. फरक किरकोळ वाटतो, पण प्रत्येक गिअरला साठत जातो आणि एका टोकाला चेन खरखरते. ६ चक्र्यांच्या सायकलला हा शिफ्टर घेऊच नका. तिला क्लिक नसलेला साधा फ्रिक्शन थम्ब शिफ्टर उत्तम, तो कितीही चक्र्यांवर चालतो.

शिफ्टर खरंच गेलाय का, हेही तपासा. मागचं चाक उचलून पेडल फिरवा आणि फ्रेमवरची उघडी वायर हाताने ओढा. डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग, सरकून परत येत असेल तर दोष बहुधा शिफ्टरचा. त्यातही अंगठ्याचा लिव्हर नुसता पोकळ फिरत असेल तर बऱ्याचदा आतलं ग्रीस वाळून खटका अडकलेला असतो. डिग्रीझरने धुवा, पातळ तेल सोडा, वीसेक वेळा दाबा. कित्येक शिफ्टर एवढ्यावर जिवंत होतात.

बसवणं अवघड नाही. ग्रिपखाली साबणाचं पाणी सोडून ती पिळत काढा, शिफ्टर सरकवा, ५ च्या अॅलन कीने आवळा. आवळताना जोर आवरा, बाहेरचं कवच प्लॅस्टिकचं आहे. सगळ्यात छोट्या चक्रीवर, म्हणजे ७ व्या गिअरला आणूनच डिरेलरला वायर बांधा. बांधण्याआधी बॅरल अॅडजस्टर (वायरचा ताण कमी-जास्त करायची फिरकी) पूर्ण आत फिरवून एक-दोन आटे बाहेर घ्या. नंतर चेन मोठ्या चक्रीवर चढायला आळस करत असेल तर बॅरल अर्धा आटा घड्याळाच्या उलट फिरवा. उतरायला आळस करत असेल तर सुलट. सुलट फिरवूनही अडत असेल तर बहुधा आउटर, म्हणजे वायरवरची नळी, गंजलाय.

खरी हेळसांड इथेच होते. नवा शिफ्टर आणि जुनाच आउटर! पुण्याच्या चार महिन्यांच्या पावसात डिरेलरजवळच्या शेवटच्या वळणात पाणी साचतं, आणि क्लिक कितीही नेमकं असलं तरी वायर तिथे अडते. ४ मिमीचा गिअरचा आउटरच घ्या. ब्रेकचा ५ मिमीचा आउटर आतून स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो. तो दबतो आणि गिअर भरकटतात. कापायला पक्कड नको, केबल कटर हवा. चेपलेलं तोंड सुईने मोकळं करा, दोन्ही टोकांना टोप्या घाला.

या शिफ्टरचा दाब हलका आहे. मोठा लिव्हर अंगठ्याने ढकलायचा, छोटा तर्जनीने ओढायचा. चांदणी चौकाच्या चढावर गिअर हलका करायला हात हँडलवरून उचलावा लागत नाही, हे जुन्या वरच्या थम्ब शिफ्टरपेक्षा फार सुखाचं. गिअरचा आकडा दाखवणारी खिडकी मात्र जागा खाते, चार बोटांच्या जुन्या ब्रेक लिव्हरशेजारी दाटी होते. लिव्हर थोडा आत सरकवून शिफ्टर त्याच्या खाली तिरका बसवा.

हँगर, म्हणजे डिरेलर ज्यावर लटकतो तो फ्रेमचा तुकडा, वाकलेला असेल तर कुठलाच शिफ्टर ते झाकू शकत नाही. मागून पाहा, डिरेलरच्या दोन्ही चक्र्या चेनच्या रेषेत उभ्या दिसल्या पाहिजेत. नसतील तर आधी तो सरळ करून घ्या, मग शिफ्टरवर पैसे घाला.