रविवारचं फिजिक्स लेक्चर, सदाशिव पेठ : पैसे वसूल, फक्त माइक सोडून

चार स्टार देतोय, पाचवा माइकने खाल्ला. सदाशिव पेठेत एका छोट्या हॉलमधे रविवारी सकाळी तिकीट लावून विज्ञानाची लेक्चरं होतात, नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारपण आहे. तिकीट २५० रुपये, चहा त्यातच. यावेळचा विषय होता, एक्स-रेचे एकदम जोरदार पल्स मारले की धातूंच्या चुंबकत्वाचं काय होतं. एवढ्या रुक्ष विषयाला कोण येणार वाटलेलं, पण हॉल भरलेला, पुढची रांग वह्या घेऊन आलेल्या रिटायर्ड काकांनी धरून ठेवलेली.

सुरुवात स्लाइडने न करता प्रयोगाने केली हे बेस्ट. निकेलची पट्टी बारीक तारेने टांगलेली, शेजारी मॅग्नेट, त्यामुळे पट्टी तिरकी ओढली गेलेली. खालून गॅस टॉर्च लावला, थोड्या वेळाने पट्टी मॅग्नेटला सोडून सरळ लोंबकळायला लागली, टॉर्च काढल्यावर गार झाली आणि परत गेली तिकडेच. निकेलचं चुंबकत्व साधारण ३५८ अंश सेल्सियसला जातं, लोखंडाला ७७० लागतात, म्हणून निकेल घेतलं म्हणे.

तापवायला सेकंदं लागतात, पण १९९६ मधे स्ट्रासबर्गला निकेलच्या पातळ फिल्मवर ६० फेम्टोसेकंदांचा लेझर पल्स मारला तर एका पिकोसेकंदाच्या (सेकंदाचा लाख कोटीवा भाग, फेम्टो त्याचाही हजारावा) आतच चुंबकत्व धाडकन खाली आलं. ६० फेम्टोसेकंदांत प्रकाशसुद्धा १८ मायक्रॉनच जातो, केसाच्या जाडीएवढाही नाही. तिथून या सगळ्या संशोधनाला तोंड फुटलं.

मग एक्स-रे. कोबाल्ट आणि पॅलेडियमचे पातळ थर एकावर एक रचले की आत चुंबकाचे वर-खाली असे वेडेवाकडे पट्टे तयार होतात, त्यावर बरोबर ७७८ ईव्हीचे (इलेक्ट्रॉन व्होल्ट, एनर्जीचं माप), म्हणजे कोबाल्टच्या नेमक्या एनर्जीचे एक्स-रे सोडले की डिटेक्टरवर गोल रिंग दिसते, हाच चुंबकी सिग्नल. इंदूरच्या इंडस-२ सारख्या सिंक्रोट्रॉनचा (इलेक्ट्रॉन गोल फिरवून एक्स-रे काढायचं यंत्र) प्रकाश त्यामानाने सौम्य, तो नुसता बघतो, पण फ्री इलेक्ट्रॉन लेझरचा पल्स इतका तगडा की ज्याचा फोटो काढायचा त्यालाच फोटो काढताकाढता हलवून सोडतो. २०१३ चा हॅम्बुर्गचा प्रयोग दाखवला, कोबाल्ट-प्लॅटिनमचे थर, १०० फेम्टोसेकंदांचे पल्स, चौरस सेंटीमीटरला ५ ज्यूल इतका मारा झाला की पल्स संपायच्या आतच चुंबकी सिग्नल ढेपाळतो. एक्स-रे आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतो, त्याच्या धक्क्याने आणखी उडतात, पहिल्या काही फेम्टोसेकंदांतच इलेक्ट्रॉनांची सगळी घडी विस्कटते, अणूंना जागचं हलायलाही वेळ मिळत नाही.

इथे स्लाइडवर ठसठशीत लिहिलेलं, ‘चुंबकत्व नष्ट’. पहिल्या रांगेतले एक काका उठले, "अहो सर, चुंबकत्व गेलं का नुसतं दिसेनासं झालं?" आणि माझ्या मते तिकिटाचे पैसे इथेच वसूल झाले कारण सरांनी सारवासारव केली नाही, सरळ म्हणाले काका बरोबर आहे तुमचं, स्लाइड चुकीची आहे. सिग्नल जातो कारण ज्या इलेक्ट्रॉनांमुळे एक्स-रेला चुंबकत्व ‘दिसतं’ त्यांचीच अवस्था बदललेली असते, त्यावरून चुंबक मेला असं लगेच म्हणता येत नाही. शिवाय २०१६ मधे स्टॅनफर्डच्या एलसीएलएस या एक्स-रे लेझरवरच्या प्रयोगात कोबाल्ट-पॅलेडियमची रिंग अशीच विझली, पण तिथे दिलेलं कारण भलतंच, स्टिम्युलेटेड एमिशन, म्हणजे एक्स-रे आजूबाजूला फाकून रिंग करायच्या ऐवजी सरळ पुढे निघून जातो. हे त्यांनी फळ्यावर खडूने काढून दाखवलं, स्लाइडपेक्षा कितीतरी छान.

आता तक्रारी. माइक सतत कुईकुई करत होता, मागच्या निम्म्या लोकांना फेम्टो का पिको तेच कळलं नसणार, संयोजकांना सांगितलं तर "पुढे बसायचं होतं ना" हे उत्तर. बाहेरच्या पोस्टरवर ‘उद्याची हार्ड डिस्क’ असं छापलंय, त्याबद्दल आत दोन वाक्यं, असल्या पोस्टरवर जाऊ नका. हँडआउटची झेरॉक्स इतकी फिकट की ग्राफमधे रेघच नाही. चहा मात्र फक्कड होता.

दहावीच्या खालच्या मुलांना नेऊ नका, पट्टीच्या प्रयोगानंतर कंटाळतील. बारावी सायन्सवाल्यांना जरूर न्या, प्रश्नोत्तरं संपेपर्यंत थांबा, आणि गाडी नेऊ नका, पार्किंग औषधालाही नाही.