पित्ताशयाला सूज: दुर्बिणीची शस्त्रक्रिया लगेच की दीड महिन्याने?

पूर्वी सलाईन-अँटिबायोटिक देऊन सूज उतरवायचे आणि सहा आठवड्यांनी पित्ताशय काढायचे. ऐकायला सुरक्षित वाटतं. पण सूज आणणारे पित्ताशयातले खडे आतच राहतात, वाट पाहताना पुन्हा कळ येऊ शकते, खडा सरकून कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूजही येऊ शकते. शिवाय रुग्णालयात दोनदा भरती.

शस्त्रक्रिया लगेच, शक्यतो पहिल्या 72 तासांत केली, तर सुजेच्या पाण्यामुळे पित्ताशयाभोवतीचे थर सहसा सुटे होतात. पुढे तेच घट्ट चिकटतात. 2013 च्या 618 रुग्णांच्या जर्मन अभ्यासात 24 तासांत शस्त्रक्रिया झालेल्यांत गुंतागुंत सुमारे 12 टक्के, थांबलेल्यांत 34.

माझा कौल लगेचच्या बाजूने. हृदय-फुफ्फुसं भूल सोसण्याजोगी नसतील, तर मात्र थांबावंच लागतं.