डच ओमाफीट्स अमेरिकन उपनगरात: कोणती न्यावी, काय बदलावं

ओमाफीट्स म्हणजे शब्दशः आजीची सायकल. उंच हँडल, ताठ बसायची सीट, पाय सहज टाकता येईल अशी खाली वाकलेली फ्रेम, पूर्ण झाकलेली चेन, पक्के मडगार्ड, मागे जाड कॅरियर आणि मागच्या चाकाला कायमचं बसवलेलं गोल कुलूप. वजन २० किलोच्या आसपास, दणकट मॉडेलचं त्याहून जास्त. नेदरलँड्समधून अमेरिकेत घर हलवताना सामानाच्या कंटेनरमध्ये ती घालावी का? आमचं मत स्पष्ट आहे: नवं घर सपाट भागात असेल आणि किराणा, शाळा, ग्रंथालय ५ किलोमीटरच्या आत, आतल्या रस्त्यांनी गाठता येत असेल, तर जरूर न्यावी. इतकी कमी देखभाल मागणारी सायकल तिथल्या दुकानात सहज मिळत नाही. मात्र निघण्याआधी टायरवरचा आकडा वाचा.

टायरच्या कडेला ‘४७-६२२’ किंवा ‘४०-६३५’ असं कोरलेलं असतं. दोन्हींना बोलताना २८ इंचीच म्हणतात, घोळ इथेच होतो. ६२२ म्हणजे अमेरिकेत ज्याला ७००सी म्हणतात तेच माप. टायर-ट्यूब कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळते. ६३५ हे जुन्या पद्धतीचं माप, रिमचा व्यास १३ मिलिमीटरने मोठा. ७००सीचा टायर त्यावर चढणारच नाही, कितीही जोर लावला तरी. उपनगरातलं दुकान ६३५ बहुधा ठेवत नाही, मागवावा लागतो. तुमची ६३५ची असेल तर दोन टायर आणि दोन ट्यूब सोबतच न्या.

दुसरी अडचण व्हॉल्व्हची. डच सायकलला डनलॉप व्हॉल्व्ह असतो, अमेरिकेत मोटारीसारखा श्रेडर किंवा रेसिंग सायकलचा प्रेस्टा. डनलॉपला प्रेस्टाच्या पंपाचं तोंड बसतं, त्यामुळे घरी अडत नाही. पेट्रोलपंपावरची हवा मात्र श्रेडरची असते. त्यासाठी एक छोटं पितळी अडॅप्टर चालतं, पण ते नेमकं गरजेच्या वेळी सापडत नाही. खरा उपाय म्हणजे पुढच्या वेळी ट्यूब बदलाल तेव्हा श्रेडरचीच टाकायची. डनलॉपसाठी रिमला असलेल्या भोकात श्रेडरची दांडी थेट बसते, भोक मोठं करावं लागत नाही. हवेचा आकडा तिथे पीएसआयमध्ये असतो: १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. ४७-६२२ला ५० पीएसआय, म्हणजे साडेतीन बार, ही बहुतेकांना मानवणारी हवा. कॅरियरवर मूल किंवा जड सामान असेल तर थोडी वाढवा, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आतच.

आता मागच्या चाकाचं पंक्चर. ओमाफीट्स अमेरिकेत नकोशी होते ती बहुतेकदा याच कामावरून. दुकानातला माणूस सवयीने चाक काढायला जातो. मग चेनकव्हरचा मागचा भाग, पायब्रेकच्या (उलटा पेडल मारून लागणाऱ्या ब्रेकच्या) दांडीची क्लिप, गिअरची जोडणी आणि १५ मिलिमीटरचे दोन नट, एवढं सगळं सोडवावं लागतं. पुन्हा बसवताना चेनचा ताण आणि गिअर दोन्ही बिघडतात. नेदरलँड्समध्ये पंक्चर काढताना चाकाला सहसा हातच लावत नाहीत. ट्यूब चाक जागच्या जागी ठेवून बाहेर ओढतात, तसंच करा.

सायकल दुहेरी स्टँडवर उभी करा. व्हॉल्व्हचा नट काढून हवा सोडा, दांडी आत ढकला. चेन नसलेल्या बाजूने तीन टायर लिव्हर एकमेकांपासून वीतभर अंतरावर लावून टायरची तेवढी एकच कड रिमबाहेर काढा आणि ट्यूब ओढून घ्या. फ्रेमच्या मध्ये अडकलेला भाग तसाच राहतो, त्याने काही बिघडत नाही. हवा भरा, कानाने किंवा बादलीतल्या पाण्यात भोक शोधा, पेनने खूण करा. जागा पुसून कोरडी करा, पॉलिश पेपरने नाण्यापेक्षा थोडी मोठी घासा, चकाकी पूर्ण गेली पाहिजे. सोल्यूशनचा पातळ थर लावा आणि पाचेक मिनिटं थांबा. बोट लावल्यावर ओलं न लागता किंचित चिकट लागलं की पॅच बसवा आणि मधून कडेकडे दाबत जा. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच पहिल्याच उन्हात सुटतो. मग टायरच्या आतून बोटं सावकाश फिरवून काच किंवा तार शोधा. हे टाळलं तर त्याच जागी पुन्हा पंक्चर होतं. परत बसवताना ट्यूबमध्ये थोडीशीच हवा ठेवा म्हणजे पीळ पडत नाही, आणि शेवटचा भाग लिव्हरने नव्हे, अंगठ्यांनी चढवा. लिव्हरखाली ट्यूब चिमटली की आठ मिलिमीटरचं नवं भोक तयार. नेदरलँड्सचं सिम्सनचं पंक्चर किट सामानात टाकायला हरकत नाही, पण अमेरिकन किटही तितकंच चांगलं काम करतं.

गिअरकडे वळू. साध्या ओमाफीट्सला एकच गिअर, किंवा शिमानो नेक्ससचे तीन: मधला सरळ, खालचा ०.७३ पट, वरचा १.३६ पट. नेदरलँड्सच्या सपाटीत हे भरपूर होतं. अमेरिकन उपनगरात ‘सपाट’ म्हणून दाखवलेल्या वसाहतीतही रस्ता टेकडीवरून वर-खाली जातो, आणि २० किलोची सायकल, ताठ बसलेला माणूस, किराणा, सगळं चढावर एकदम जाणवतं. पुढे ३८ दाते आणि मागे १९ असतील तर खालच्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेरीत साधारण ३.२ मीटर जाता. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चक्र, २२चं केलं तर २.८ मीटर. चढ तेवढाच राहतो, पण गुडघे सुटतात. वरच्या गिअरमध्ये सावकाश पेडल मारूनही ताशी २० किलोमीटरच्या वर वेग मिळतो, म्हणजे तोटा काहीच नाही. हे स्प्रॉकेट एका स्प्रिंगच्या कडीने धरलेलं असतं; चपट्या स्क्रूड्रायव्हरने कडी उचकटताना डोळ्यांवर चष्मा ठेवा, ती उडते. चाक सेंटिमीटरभर पुढे सरकायला जागा असेल तर चेन लांब करावी लागत नाही. चेनकव्हरमध्ये मोठं स्प्रॉकेट मावतं का, हे आधी मोजा. नवी चेन घेताना एक-अष्टमांश इंची मागा. जास्त गिअरवाल्या सायकलींची अरुंद चेन या दात्यांवर नीट बसत नाही.

ब्रेकबाबत आम्ही कडक आहोत. फक्त उलटा पेडल मारून लागणारा पायब्रेक असलेली ओमाफीट्स उताराच्या वसाहतीत वापरू नका. लांब उतारावर हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, तापतो, आतलं ग्रीस पातळ होतं, आणि चेन उतरली तर ब्रेकच उरत नाही. पुढे हाताचा ब्रेक हवाच. ड्रम ब्रेक आणि डायनॅमो एकाच हबमध्ये असलेलं पुढचं चाक, उदाहरणार्थ स्टर्मी-आर्चरचं, हा सर्वांत समाधानकारक बदल: पावसात ब्रेक तसाच लागतो आणि दिवा बॅटरीशिवाय चालतो. उपनगरात रस्त्यावरचे दिवे विरळ असतात, तेव्हा सायकल थांबल्यावरही काही मिनिटं तेवत राहणारा मागचा दिवा घ्या.

रस्त्यावर सगळ्यांत आधी शिकायची गोष्ट म्हणजे लाल सिग्नलवरचं उजवं वळण. नेदरलँड्समध्ये मोटार लालवर थांबते ती थांबतेच. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरासारखे अपवाद सोडले तर थांबून, पाहून उजवीकडे वळायची मुभा असते, आणि चालक पाहतो डावीकडून येणाऱ्या मोटारींकडे. त्याच्या उजवीकडून फुटपाथवरून उतरणारी सायकल त्याला दिसतच नाही. म्हणून चौकात त्याची नजर तुमच्यावर पडल्याशिवाय पुढे जाऊ नका. वसाहतीतल्या आतल्या रस्त्यांवर मर्यादा बहुतेक ठिकाणी २५ मैल, म्हणजे ताशी ४० किलोमीटर. तिथे सायकल सुखाने चालते. अडचण वसाहतीबाहेरच्या मोठ्या रस्त्याची, जिथे ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर वेगाच्या मोटारींशेजारी नुसती पांढरी रेघ असते. आतले रस्ते बहुतेक बंद गल्ल्या असल्याने त्या रस्त्याला पर्याय सापडेलच असं नाही. घर पाहतानाच नकाशावर हे तपासा. सिग्नल तुमच्यासाठी हिरवा होत नसेल तर डांबरात कापलेली चौकोनी रेघ शोधा आणि दोन्ही चाकं त्या रेघेवर उभी करा. खाली तारेचं वेटोळं असतं आणि रेघेवर उभं राहिलं की ते सायकलही ओळखतं.

किराण्यासाठी ही सायकल फार चांगली. दुधाचा गॅलनचा कॅन जवळपास ४ किलोचा, कॅरियरच्या दोन्ही बाजूंच्या डच पिशव्यांत एकेक टाकला की तोल बरोबर राहतो. तपकिरी कागदी पिशवी मात्र साधारण १८ सेंटिमीटर जाड. अरुंद डच पिशवीत ती जात नाही आणि ओल लागली की तळ सुटतो. सामान सुटंच भरा. दुकानाबाहेर स्टँड नसणं हे नेहमीचंच. गोल कुलूप सायकल फक्त जखडतं, ती उचलून नेता येते, म्हणून खांबाला बांधायला भक्कम यू-लॉक लागतोच.

मोटारीच्या मागे अडकवायच्या रॅकवर ही सायकल नेऊ नका. बऱ्याच रॅकची मर्यादा सायकलमागे ३५ पौंड, म्हणजे १६ किलो, आणि वाकलेल्या फ्रेमला अडकवायला आडवी नळीच नसते. हिचवर, म्हणजे मोटारीमागच्या ट्रेलर जोडायच्या हुकाच्या जागी बसणारा, चाकं खाली टेकतील असा, ६० पौंड पेलणारा रॅक घ्या.

विजेची डच सायकल नेणं आम्हाला पटत नाही. बॅटरी बहुधा ४०० वॅट-तासांच्या पुढची. १६०च्या वरची बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि जहाजाने पाठवायची तर धोकादायक मालाचे नियम लागतात. शिवाय चार्जरवर ‘१००-२४०’ नसून फक्त ‘२३०’ लिहिलं असेल तर अमेरिकेच्या १२० व्होल्टवर तो उपयोगी नाही.

साधी सायकल पॅक करण्याआधी टायर, मडगार्डची आतली बाजू आणि स्टँडचे पाय ब्रशने घासून धुवा. परदेशी माती अमेरिकेत येऊ देत नाहीत आणि मडगार्डमध्ये वाळलेला चिखल तपासणीत अडकवतो. पेडल काढताना डावं उलट्या आट्यांचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. खोक्यात चेनकव्हरच्या क्लिपा, गिअरची केबल, व्हॉल्व्हचे दोन सुटे संच आणि गोल कुलपाची दुसरी किल्ली टाका.