दोन डच पुस्तकं, बरेच महिने वापरल्यावर

चित्रप्रदर्शनांचे कॅटलॉग आणि दिवाळी अंक यांची मांडणी करून पोट भरतो, त्यामुळे डच डिझायनरांवरची पुस्तकं माझ्यासाठी शोभेची नाहीत. घेतलेल्यांपैकी दोनच अजून टेबलावर आहेत. बाकीची छान होती, पण एकदा चाळली आणि कपाटात गेली.

पहिलं पुस्तकांची मांडणी करणाऱ्या इर्मा बोम यांचं ‘द आर्किटेक्चर ऑफ द बुक’ (२०१३). पानं ८००, आकार मात्र काडेपेटीहून जेमतेम मोठा. लोक आधी हसतात. पण बोमबाई कुठल्याही पुस्तकाचं काम करताना त्याची एवढीशीच डमी (नमुना प्रत) हाताने बनवतात, हे पुस्तक त्याच मापाचं आहे. १९८६ पासूनची त्यांची पुस्तकं यात उलट्या क्रमाने येतात, नवी आधी आणि जुनी शेवटी.

कामात सगळ्यात उपयोगी पडली ती ही डमीचीच सवय. स्क्रीनवर आपण दोन-दोन पानं बघत जातो. हातात इवलीशी डमी असली की अख्खं पुस्तक भर्रकन चाळता येतं आणि चित्रांची गर्दी कुठे झाली, कोरं पान कुठे हवं, फॉर्मा (एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा जुडगा) कुठे बदलतोय, ते लगेच कळतं. आता डमीशिवाय कुठलाच कॅटलॉग छापायला जात नाही.

यातलं एक काम मी पुन्हा पुन्हा बघतो. एसएचव्ही या डच कंपनीच्या शताब्दीनिमित्त १९९६ मध्ये आलेला २१३६ पानांचा ग्रंथ. त्याला पाच वर्षं लागली. पृष्ठांक नाहीत, सूचीही नाही. वाचकाने भटकावं हीच अपेक्षा. (मला त्यातून संदर्भ शोधायला लावला असता तर मी शिव्याच घातल्या असत्या.) पानांची कड एका बाजूला कलती केली की ट्यूलिप दिसतात, दुसऱ्या बाजूला कलती केली की कविता. म्हणजे प्रत्येक पानाच्या कडेवर चित्राची बारीकशी पट्टी, आणि कटिंग जरा हललं की सगळं बोंबललं. आमच्या बाइंडरला समजावून सांगितलं, तर त्याने हातच जोडले.

तक्रार एकच, पण मोठी: अक्षर फारच बारीक. चाळिशी लागलेल्यांनी भिंग जवळ ठेवावं.

दुसरं ‘मिसफिट’, डिझायनर हेला योंगेरियस यांच्यावरचं, फायडन प्रकाशनाने २०१० मध्ये काढलेलं. मांडणी बोम यांचीच. योंगेरियस यांचा ‘बी-सेट’ हा पोर्सिलेनचा संच मुद्दाम जास्त तापमानाला भाजतात, त्यामुळे प्रत्येक ताटली थोडी वाकडी होते आणि एकीसारखी दुसरी निघत नाही. एरवी असा माल कारखान्यात बाद होतो. पुस्तकाचं नाव कशावरून आलं ते इथे समजतं. निबंध मला लांबलेले वाटले, सलग वाचवत नाहीत. रंग जुळवताना मात्र हे पुस्तक हमखास उघडतो.

दोन्ही परदेशातून मागवावी लागली. मोठ्याचे कोपरे वाटेतच चेपले होते, त्यामुळे विक्रेत्याला पुठ्ठ्याचं पॅकिंग आधीच सांगून ठेवा. एकच घ्यायचं तर छपाईतल्या माणसाने बोम यांचं, सिरॅमिक किंवा कापडात काम करणाऱ्याने ‘मिसफिट’. बोम यांच्या पुस्तकाची २०१० ची ७०४ पानांची आधीची आवृत्ती स्वस्तात मिळाली तर तीही चालेल.