‘रिंगा गेल्यात’ म्हणून इंजिन उतरवायला निघाले, दोष होता बेल्टच्या एका दाताचा

ज्यांच्याकडे अजून कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, ओम्नी किंवा तशीच एखादी जुनी पेट्रोल गाडी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. टायमिंग बेल्टचं (पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा इंजिनाचा दातेरी पट्टा) काम करून आणल्यावर गाडी ओढेनाशी झाली आणि गॅरेजवाला ‘रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) गेल्यात, इंजिन उतरवावं लागेल’ म्हणू लागला, तर आधी गाडी तिथून बाहेर काढा. सोलापुरात माझ्या बाबतीत हेच घडलं. तक्रार चालू आहे, म्हणून गॅरेजचं नाव देत नाही.

आमची ८०० आहे १९९८ ची. वडिलांनी नवी कोरी घेतलेली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंगचे पैसे भरून ती जपली आहे, कारण इंजिन खणखणीत होतं. मागे इंजिनाच्या पुढच्या बाजूने ऑइल गळायला लागलं. कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सील गेलं होतं आणि तेल थेट बेल्टवर येत होतं. तेलाने बेल्टचं रबर खराब होतं, म्हणून सील, बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) एकदमच बदलायचं ठरलं. बिल झालं ४,२०० रुपये. त्यावर ‘टायमिंग बेल्ट नवीन’ असं स्वच्छ लिहिलेलं आहे.

शहरात फिरताना फरक फारसा जाणवला नाही. फक्त सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागायचा. पण तुळजापूरला निघालो आणि तामलवाडीच्या पुढे खरं काय ते कळलं. जो घाट ही गाडी तिसऱ्या गिअरवर चढायची, तिथे दुसऱ्यावरही दम नव्हता. पॅडल पूर्ण दाबलं तरी नुसता आवाज. वर पोचेपर्यंत टेंपरेचरचा काटा कधी नव्हे तिथे गेला. आई मागे बसली होती, ऊन रणरणतं होतं.

परत गॅरेजला गेलो. मालक म्हणाले, कार्ब्युरेटर घाण झालाय. कार्ब्युरेटरचं किट, प्लग आणि वायरी मिळून आणखी ३,६०० रुपये गेले. त्यांच्या मिस्त्रीने डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) ढिला करून थोडा फिरवला. त्यानंतर गाडी पटकन चालू व्हायला लागली, ओढ मात्र आली नाही. मग त्यांनी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजणारा गेज लावून दाखवला आणि म्हणाले, “बघा, कॉम्प्रेशनच नाही. रिंगा गेल्यात. २६ हजारांत सगळं इंजिन करून देतो.” वर “गाडी जुनी झाली साहेब, किती दिवस चालणार?” हेही ऐकवलं.

इंजिन उतरवायच्या आधी मी आमच्या शेजारच्या काकांना गाडी दाखवली. एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “धूर मारते का? ऑइल कमी होतं का?” दोन्हीला माझं उत्तर ‘नाही’. “मग बेल्ट बदलायच्या आदल्या दिवशी घाट चढणाऱ्या गाडीच्या रिंगा बेल्ट बदलल्यावर कशा गेल्या?”

काकांनी टायमिंग लाइट (ठिणगी कधी पडते ते दाखवणारा दिवा) लावला. ठिणगी बरोबर वेळेला पडत होती. मला वाटलं, म्हणजे टायमिंग ठीक आहे. काकांनी डेल्कोच्या बोल्टकडे बोट दाखवलं. डेल्को ज्या खाचेत मागेपुढे सरकतो, तिच्या अगदी टोकाला तो नेऊन आवळलेला होता. सगळी मेख तिथेच होती.

या इंजिनात डेल्को कॅमवरून फिरतो आणि कॅम बेल्टवर. बेल्ट एक दात मागे बसला की कॅम मागे पडतो. त्यामुळे व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, उशिरा बंद होतात आणि ठिणगीही उशिरा पडते. डेल्को फिरवून ठिणगी जागेवर आणता येते. व्हॉल्व्हला त्याने काहीच होत नाही. एक दात म्हणजे किरकोळ वाटतं, पण क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणारा मुख्य दांडा) हिशेबात तो साधारण १५ ते २० अंशांचा फरक असतो. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटला, की वर येणारा पिस्टन आत घेतलेलं मिश्रण परत बाहेर ढकलतो. म्हणून कॉम्प्रेशन कमी दिसतं. रिंगा धडधाकट असल्या तरीही.

मग व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोरात ओढतं ते मोजणारा) लावला. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलवर १७ ते २१ इंच दाखवतं आणि दर हजार फुटांना एक इंच कमी होतो. सोलापूर साधारण दीड हजार फुटांवर, म्हणजे साडेपंधराच्या वर यायला हवं होतं. आमचा काटा १२ वर, आणि तिथेच स्थिर. एखादा व्हॉल्व्ह जळाला असता तर काटा ठरावीक ठेक्यात झटके देत राहिला असता. हवा कुठून ओढतेय का तेही पाहिलं, तसं काही नव्हतं. कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरचं १२० पीएसआयच्या आसपास होतं, जवळपास सारखंच. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर आकडा चांगलाच वर गेला असता. तो जवळजवळ हललाच नाही.

कव्हर उघडलं. क्रँकची खूण खालच्या खुणेसमोर आणली, तर कॅमची खूण हेडवरच्या खुणेपासून बरोबर एक दात मागे. आणि बेल्ट? जुनाच! पाठ चकचकीत झालेली, दातांच्या मुळाशी भेगा, तेलाने फुगलेला, छापील अक्षरं पार पुसलेली. नवा म्हणून पैसे घेतले आणि जुना पुसून बसवला. तो रस्त्यात तुटला असता तर आईला घेऊन आम्ही त्या घाटात कुठे उभे राहिलो असतो, याचा विचार आला की आजही राग येतो.

काकांनी नवा बेल्ट आणि टेन्शनर घातला, खुणा जुळवल्या, हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे देऊन पुन्हा तपासल्या. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो, म्हणून दोन. डेल्को खाचेच्या मध्यावर आला. कॉम्प्रेशन १६५. गाडी पूर्वीसारखी ओढायला लागली. इंजिनाला हात लावावा लागला नाही.

चूक कुणाकडूनही होते, दात चुकणंही होतं. पण ज्याने डेल्को खाचेच्या टोकाला नेला, त्याला बेल्ट चुकलाय हे कळल्याशिवाय राहत नाही. ते कळूनही त्याने मला रिंगांचं बिल सांगितलं. याला मी फसवणूकच म्हणतो. जाब विचारला तेव्हा मालक बेल्टचे पैसे रोख परत द्यायला तयार झाले, लिहून द्यायला नाही. मी घेतले नाहीत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. दोन्ही बिलं, खुणांचे फोटो आणि तो जुना बेल्ट माझ्याकडे आहे.

बेल्टचं काम टाकताना काढलेला जुना माल परत मागा आणि कव्हर लावायच्या आधी खुणांचा फोटो काढून घ्या. यासाठी तिथे थोडा वेळ उभं राहावं लागतं, तेवढं राहा. हे लिहायची घाई केली, कारण आमच्या गल्लीतल्या एका भाजीवाल्यांच्या ओम्नीला त्याच गॅरेजने परवा तेच ‘रिंगा गेल्यात’ सांगितलंय. इंजिन तेच ७९६ सीसीचं, बेल्टही नुकताच बदललेला. काका रविवारी ती गाडी बघणार आहेत.